पदर कुठल्या खांद्यावर?

मागच्या अंकात व्हिज्युअल नॉव्हेलसाठी मी पात्रं कशी काढते यावर दोन पानं लिहिली होती. त्यावर बरीच पत्रं आली, काहींनी स्वतःची चित्रंही पाठवली. सगळ्यांना उत्तर देणं या जागेत बसणार नाही. ज्या प्रश्नांवर मी स्वतः कधीतरी अडले होते, ते आधी घेतलेत.

प्रश्न : माझा नातू मोबाइलवर ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ खेळतो. मी शेजारी बसून पाहिलं. एक मुलगी उभी असते, खाली मजकूर येतो, तो बोट लावतो, पुढचा मजकूर येतो. तासाभरात ती मुलगी जागची हलली नाही. याला खेळ कसं म्हणायचं? आणि यात चित्रकाराने केलं तरी काय?
*— एक निवृत्त शिक्षक, कुडाळ*

काका, तुम्ही कुडाळचे, म्हणजे चित्रकथीचं गाव पिंगुळी तुमच्या अंगणातच. चित्रकथी पाहिली असेलच. एक चित्र उभं धरायचं, वाद्यांच्या साथीवर कथा सांगायची, प्रसंग संपला की पुढचं चित्र. चित्रातला भीम कुठे हलतो? तुमचा नातू तेच बघतोय. फरक इतकाच की पान त्याच्या बोटाने उलटतं आणि मधेच कथा त्याला विचारते, आत जायचं की मागे फिरायचं? त्याने जे निवडलं त्यावर पुढचा रस्ता ठरतो. खेळ म्हणायचा तो एवढ्यासाठी.

हा प्रकार जपानचा. १९९२ साली चुनसॉफ्ट या कंपनीने ‘ओतोगिरिसो’ काढला. दोन वर्षांनी त्यांचाच ‘कामाइताची नो योरु’ आला. बर्फात अडकलेलं एक लॉज, तिथे खून. मागे खऱ्या लॉजचे फोटो आणि माणसं म्हणजे नुसत्या निळ्या सावल्या. नाक, डोळे काही नाही. केसांची ठेवण, खांद्यांचा उतार आणि उभं राहायची ढब एवढ्यावर कोण कोण आहे ते कळतं. मी विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी त्या सावल्या दाखवते. पुढे लीफ या कंपनीने १९९६ पासून आपल्या मालिकेला ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं. तोवर सावल्यांना चेहरेही आले होते.

अशा चित्राला जपानीत ‘ताचिए’ म्हणतात. उभं चित्र, बस. तासभर ती मुलगी हलली नाही आणि तरी नातवाने मोबाइल खाली ठेवला नाही, हे चित्रकाराने केलं. पुढच्या वेळी तिच्या भुवया बघा. तुम्ही म्हणता तेवढी ती निश्चल नसते.

प्रश्न : ताई, मी माझ्या गोष्टीतली नायिका आणि तिची मैत्रीण काढून पाठवतेय. नायिकेच्या कपड्यांवर मी नऊ पानं केलीत. तरी भाऊ म्हणतो, दोघी सारख्याच दिसतात, केस तेवढे वेगळे. कुठे चुकतंय?
*— अकरावीतली एक मुलगी, इचलकरंजी*

अगं, भाऊ बरोबर बोलतोय. तुझ्या दोन्ही चित्रांवर मी संगणकात एक नवा थर (लेयर) घेतला, बाहेरची रेघ गिरवली आणि आत काळा रंग ओतला. दोन बाटल्या दिसल्या. एकीचं झाकण मोठं, दुसरीचं लहान. दोघींचं वजन दोन्ही पायांवर सारखं, हात अंगालगत, हनुवटी सरळ. तिने काय घालायचं हे नऊ पानांत ठरवलंस. ती उभी कशी राहते हे एकाही पानावर नाही.

एक उदाहरण सांगते. कॅपकॉम या जपानी कंपनीचा ‘ग्याकुतेन साइबान’ हा खेळ, जपानबाहेर ‘एस अटर्नी’ नावाने गाजलेला. २००१ साली गेम बॉय ॲडव्हान्स या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी आला. पडदा किती, तर २४० बाय १६० ठिपके. आज तुझ्या मोबाइलवरचं एखादं बटणसुद्धा याच्याहून जास्त ठिपके खातं. शू ताकुमी यांचं लेखन-दिग्दर्शन, कुमिको सुएकाने आणि तात्सुरो इवामोतो यांची पात्रं, सगळी टीम सात जणांची. एवढ्याशा जागेत कोर्टातला वकील ओळखू यायला हवा. म्हणून त्याचे केस मागे काट्यांसारखे, सूट निळा आणि हात सरळ समोर रोखलेला, बोट ताणलेलं. त्याच्यासमोरचा सरकारी वकील लालसर वाइनच्या रंगात, गळ्याशी पांढऱ्या कापडाची झालर. एकाच्या आकारात टोकं, दुसऱ्याच्या आकारात घड्या. काळा रंग ओतून बघ. दोघं लांबूनही वेगळे कळतात.

आता माझी गोष्ट. आम्ही तिघंजण मिळून एक खेळ करतोय, त्यात एसटीची कंडक्टर बाई आहे. पहिल्यांदा काढली ती छान दिसत होती. इस्त्रीचा खाकी ड्रेस, नीट वेणी, हसरा चेहरा. जाहिरातीतली कंडक्टर. मग मी स्वारगेट–भोर गाडीने दोनदा जाऊन-येऊन केलं. बाई दांडा धरतच नाहीत! गाडी वळली की कंबर सीटच्या पाठीला टेकते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. चामडी बॅगेच्या पट्ट्याने एक खांदा खाली गेलेला. तिकिटाचं मशीन पोटाशी, हनुवटी खाली आणि डोळे तेवढे वर, भुवयांखालून प्रवाशाकडे. ‘पुढे कुठे?’ हे न बोलता विचारणारे. घरी आल्यावर तेवढंच काढलं. खाकी रंग नंतर भरला, तोपर्यंत काळ्या आकृतीतच ती कंडक्टर झाली होती.

तुला मैत्रीण वेगळी करायची असेल तर तिचे केस सोड. तिला कशाचा तरी भार दे. दप्तर एका खांद्यावर, किंवा सायकल हाताने ढकलत आणायची सवय, किंवा नुसती उंच असल्याची लाज. उंच मुली मान कशी घालून उभ्या राहतात, वर्गात बघ.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, कारण मला ती कुणी सांगितली नव्हती. आमच्याच खेळात एक खानावळवाल्या मावशी आहेत, नऊवारी नाही, साधी पाचवारी. एका प्रसंगात त्या आणि कंडक्टर समोरासमोर हव्या होत्या. आमच्या प्रोग्रॅमरने सरळ मावशींचं चित्र आडवं उलटं केलं, आरशातल्यासारखं. एक ओळ कोड, काम झालं. पंधरा दिवस आम्ही तिघं तो प्रसंग चालवून बघत होतो. कुणाला काही दिसलं नाही. मग एकदा आई मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “अगं, हिचा पदर उजव्या खांद्यावर कसा गेला? मगाशी तर डावीकडे होता.”

गेलाच होता. भांगाशेजारचा तीळही पलीकडे गेला होता. मग मी कंडक्टर तपासली. एका जागी तीही उलटी होती आणि तिच्या बिल्ल्यावरची अक्षरं आरशात वाचावी लागत होती. गुंड्या लावलेला शर्ट, घड्याळ, दप्तर, खिसा, जानवं, अंगावर जे जे एकाच बाजूला असतं ते सगळं उलटं करताना फसतं. एस अटर्नीमध्ये कोर्टात बचाव पक्ष कायम उजवीकडे तोंड करून आणि सरकारी पक्ष कायम डावीकडे. बाजू ठरलेल्या, त्यामुळे उलटवायची वेळच येत नाही. आम्ही मावशींचा पदर वेगळ्या थरावर काढला आणि दोन्ही बाजूंसाठी दोन केले. तुझ्या नायिकेची ओढणी एका खांद्यावर आहे. आजच विचार करून ठेव.

प्रश्न : बोलताना पात्राचे ओठ हलायला हवेत का?
*— एक वाचक, परभणी*

नसले तरी चालतं. हलवणार असाल तर खालची अक्षरं उमटायची थांबली की ओठही त्याच क्षणी थांबले पाहिजेत. अर्धा सेकंद जास्त हलले की पात्र पान चघळतंय असं वाटतं.

प्रश्न : मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. रेनपाय हे व्हिज्युअल नॉव्हेल बनवायचं सॉफ्टवेअर वापरून पाच पात्रांची छोटी व्हिज्युअल नॉव्हेल करतोय. चित्रकार मैत्रिणीला किती चित्रं सांगायची, याचा अंदाज येत नाही. प्रत्येक भावनेला एक पूर्ण चित्र, असं धरलं तर आकडा बघूनच ती पळून जाईल.
*— एक वाचक, पुणे*

पळून जायलाच हवं तिने. असं कुणीच करत नाही.

रेनपाय वापरताय हे उत्तम. टॉम रोथामेल यांनी २००४ पासून ते फुकट उपलब्ध ठेवलंय, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येणाऱ्याला तर घरचंच. त्यात थरांची चित्रं जोडायची सोय आहे, तिचा फायदा घ्या. अंग एकदा काढायचं, चेहऱ्याचे तुकडे वेगळे. जपानी मंडळी अशा बदलत्या तुकड्यांना ‘साबुन’ म्हणतात, म्हणजे ‘फरक’. (पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, चित्र धुवायला सांगतायत.)

आता हिशोब. समजा भुवया ४ प्रकारच्या, डोळे ५, तोंडं ६. चित्रं झाली १५, आणि ती एकमेकांत मिसळली तर चेहरे होतात १२०. त्यातले निम्मे विनोदी निघतात. रागाच्या भुवया आणि गोड हसू एकत्र आलं की माणूस घर विकायला आलेल्या एजंटसारखा दिसतो. पण अशाच एखाद्या जोडीतून कधी कधी हवं ते सापडतं. आमच्या मावशींचा सगळ्यात चांगला चेहरा चुकून झाला, काळजीच्या भुवया आणि दाबलेलं हसू. उधारी मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला ‘असू दे’ म्हणतानाचा. प्रत्यक्षात एका पात्राला वीसेक चेहरे पुरतात.

अट एकच. दोन पोझ करणार असाल तर डोकं दोन्हींत त्याच कोनात, त्याच जागी ठेवा. मान जराशी वळवलीत की पंधराच्या पंधरा तुकडे पुन्हा.

हातांसाठीही युक्ती आहे. डॅन साल्वातो यांचा ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’ २०१७ साली आला. त्यात मुलींचं अंग मधोमध उभं कापून डावा भाग आणि उजवा भाग वेगळा ठेवलाय. डावा हात खाली किंवा वर, उजवा हात खाली किंवा वर. चार अर्ध्या चित्रांत चार पूर्ण पोझ. हिशोब म्हणून बघा, पण नाव गोड आहे म्हणून घरातल्या लहानांच्या हाती देऊ नका. तो भयकथेचा खेळ आहे आणि आत आत्महत्येसारखे प्रसंग आहेत.

फायलींना ‘राग १’, ‘राग २’ अशी नावं देऊ नका. महिन्याने राग २ म्हणजे काय होतं हे तुम्हालाही आठवणार नाही. मी त्या चेहऱ्याचं वाक्यच नाव म्हणून देते : ‘काय म्हणालास’, ‘बरं बरं’, ‘बिल कोण देणार’. लिहिणाऱ्यालाही चेहरा निवडणं सोपं जातं.

पैशाचं विचारलं नाहीत, तरी सांगते. मैत्रीण आहे म्हणून लेखी ठरवायचं टाळू नका. एका गिऱ्हाइकाने माझ्याकडून एका पात्राचे सगळे चेहरे मंजूर करून घेतले आणि मग म्हणाला, “हिला जरा पाच-सहा वर्षांनी मोठी करूया ना.” डोक्याची मापं बदलली म्हणजे सगळं बदललं. तेव्हापासून मी अंग, केस आणि चेहऱ्याचा साचा आधी करड्या रंगात दाखवते, मंजुरीची मेल आली की मगच भुवयांना हात लावते. पार्श्वभूमीची चित्रं मोजताना खोली एक असली तरी सकाळ, संध्याकाळ, रात्र वेगळी धरा. मोठ्या प्रसंगाची पूर्ण पानभर चित्रं दोन-तीनच ठेवा. ती खर्चिक असतात आणि फार झाली की त्यांची मजा जाते.

प्रश्न : माझी चौदा वर्षांची मुलगी सतत ॲनिमेसारखी, म्हणजे जपानी कार्टूनसारखी पात्रं काढते. सगळी गोरी, निळ्या डोळ्यांची. ‘आपल्यासारखी एखादी काढ की’ म्हटलं तर म्हणते, ‘मग ते ॲनिमे दिसत नाही.’ मी मागे लागू की गप्प बसू?
*— एक आई, न्यू जर्सी*

मागे लागू नका. चौदाव्या वर्षी मीही हेच काढत होते, फक्त मॉडेल वेगळी होती, कॅलेंडरवरच्या अप्सरा.

पण तिचं म्हणणं खरं नाही, हे तिला दाखवता येईल. कॅलिफोर्नियाच्या ब्रायना ले यांची ‘बटरफ्लाय सूप’ ही २०१७ सालची व्हिज्युअल नॉव्हेल, लिहिली-काढली त्यांनीच. शाळेतल्या मुली, बेसबॉलचा संघ आणि प्रेमात पडणं, तेही मुलीनेच मुलीच्या. त्यातली दिया भारतीय घरातली. लाजाळू, अंगाने मजबूत, कुत्र्यांवर जीव. तिच्या अंगावर साडी नाही, कपाळाला टिकली नाही, तरी ती कुणाची कोण आहे यात शंका राहत नाही, आणि चित्र ॲनिमेच्याच वळणाचं आहे. भाषा मोकळी आहे, आधी तुम्ही बघा आणि मग दोघी मिळून बघा.

मुलीचं अडतंय ते बहुतेक रंगात. गव्हाळ किंवा सावळा रंग घ्यायचा आणि सावलीसाठी त्यात काळा किंवा करडा मिसळायचा, असं नवशिके करतात. पात्र आजारी दिसतं, मग ते पुन्हा गोऱ्याकडे पळतात. तिला सांगा, सावळ्या अंगावरची सावली विटकरीकडे किंवा जांभळाच्या रंगाकडे न्यायची. उजेड पडतो तिथे थोडा पिवळा. कानाच्या पाळीला आणि नाकाच्या शेंड्याला तांबूस. तेलावलेल्या काळ्या केसांवरची चमक पांढरी न ठेवता निळसर ठेवायची. रात्रीच्या पार्श्वभूमीवर सावळं पात्र हरवतं ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय, पात्राच्या एका कडेला दिव्याच्या उजेडाची बारीक रेघ.

टिकली काढणारच असेल तर एक धोक्याची सूचना. ॲनिमेत केसांची झालर कपाळावर असते आणि आश्चर्याच्या भुवया थेट झालरीत जातात. मधली टिकली प्रत्येक भावनेला लपाछपी खेळते. माझ्या एका पात्राची टिकली चौदा चेहऱ्यांपैकी पाचांत गायब होती. शेवटी केस मागे घेऊन भांग पाडला.

प्रश्न : माझ्याकडे गोष्ट पूर्ण लिहून तयार आहे, पण चित्र कच्चं आहे. विशेषतः हात अजिबात जमत नाहीत. चित्रकार ठेवायला पैसे नाहीत. स्वतःच काढू, की थांबू?
*— एक वाचक, कराड*

काढा. एका माणसाची हकीकत सांगते, ती आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असते.

र्युकिशी०७ या टोपणनावाचा एक सरकारी नोकर. नोकरी सांभाळून त्याने ‘हिगुराशी’ ही व्हिज्युअल नॉव्हेल लिहिली आणि २००२ च्या उन्हाळ्यात टोकियोच्या कॉमिकेत या हौशी लेखक-चित्रकारांच्या जत्रेत विकायला ठेवली. चित्रंही स्वतःच काढलेली. हात पाहाल तर हसाल. जाड हातमोजे घातल्यासारखे, बोटं म्हणजे केळी. पार्श्वभूमी काढायच्या भानगडीतच तो पडला नाही. फोटो घेतले आणि संगणकावर रंगवल्यासारखे केले. गोष्टीतलं डोंगरातलं गाव मुळात गिफू भागातलं शिराकावागो, नमस्कारासाठी जोडलेल्या हातांसारखी उंच उतरती गवती छपरं असलेलं.

मी ती वाचली तेव्हा पहिला अर्धा तास माझं लक्ष त्या हातांवरच होतं. मग शाळकरी पोरांची थट्टामस्करी चालू असताना एका मुलीचा चेहरा एका टिचकीत बदलला. तोच फ्रॉक, तेच केळ्यांचे हात, उभीही तशीच. फक्त डोळ्यांतली चमक काढून घेतलेली. आवाजही थांबलेला. रात्रीचे दीड वाजले होते. मी उठून स्वयंपाकघरातला दिवा लावून आले. त्यानंतर हातांकडे माझं लक्ष गेलं नाही.

पुढे त्याच गोष्टीच्या आवृत्त्या सफाईदार चित्रं घालून निघाल्या. काहींत जुनी-नवी चित्रं बदलून पाहायची सोयही आहे. मी जुनीच लावते. नव्या चित्रांतली मुलगी आधीपासूनच इतकी सुबक असते की बदल झाल्यावर ती फक्त आणखी एक सुबक चित्र होते. हे माझं मत, न पटणारे पुष्कळ आहेत.

याचा अर्थ हात वाईट काढा असा नाही. तुमचा वेळ कमी असेल तर तो डोळे आणि भुवयांवर घालवा आणि हातांचं काम लांबणीवर टाका. ताचिए बहुधा मांडीपर्यंतच दिसते, त्यामुळे पायाच्या बोटांची चिंता नाही. पहिल्या पात्राला खिशात हात घालून उभं करा. दुसऱ्याच्या हाताची घडी घाला. तिसऱ्याच्या हातात भलंमोठं वर्तमानपत्र द्या, चौथी ओढणीत हात गुंडाळून उभी राहील. पाचव्या पात्राच्या वेळी मात्र स्वतःच्या डाव्या हाताचे वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढून समोर ठेवा. डावखुरे असाल तर उजव्या.